लोकवर्गणीतून गोधडी: जमलेली रक्कम आणि हाती उरणारे भांडवल

गणेशोत्सव, गावची जत्रा किंवा मंदिराचा जीर्णोद्धार यांसाठी वर्गणी काढणे खानदेशाला नवे नाही. धंद्यासाठी वर्गणी म्हटले की मात्र कपाळाला आठ्या पडतात. इंटरनेटद्वारे अनेकांकडून थोडी थोडी रक्कम गोळा करण्याच्या ‘क्राउडफंडिंग’ या पद्धतीने हीच कल्पना नव्याने पुढे आणली आहे. पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील पाच महिलांनी जुन्या सुती कापडाच्या गोधड्या शिवून पुण्या-मुंबईत विकायचे ठरविले, तर हा मार्ग त्यांच्या कितपत उपयोगी पडेल? पैसा किती जमेल यापेक्षा तो कोणत्या नात्याने जमेल, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

महाराष्ट्राने हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच केला आहे. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे राहावेत, अशी कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. काचेबरोबर काचेचे कारागीर घडविणे हेही त्याचे काम होते. पैसा देणाऱ्याला व्याज मिळणार नव्हते, लाभांशही नाही. ती निखळ देणगी होती.

पारोळ्याशेजारच्या अमळनेरमध्ये घडले ते वेगळे. तेथे १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तिचे शेअर गावातील अनेक कुटुंबांकडे होते. पुढे हीच कंपनी ‘विप्रो’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि ज्यांनी ते कागद जपून ठेवले, त्यांचे दैव पालटले. ही कथा खानदेशात इतक्या वेळा सांगितली जाते, की छोट्या धंद्यात लावलेला पैसा असाच फळतो, असा समज व्हावा. प्रत्यक्षात तो विरळा अपवाद आहे.

गोधडीच्या धंद्याला शेअरचा मार्ग जवळपास बंदच आहे. खासगी कंपनीला जनतेला भांडवलासाठी आवाहन करता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एका आर्थिक वर्षात सर्वसाधारणपणे दोनशेपर्यंत निवडक व्यक्तींनाच शेअर देऊ करता येतात. ‘सेबी’ने २०१४ मध्ये क्राउडफंडिंगविषयी चर्चापत्र काढले; २०१६ मध्ये मात्र मान्यता नसलेल्या संकेतस्थळांपासून सावध राहण्याचा इशारा दिला. कर्जाचा मार्ग खुला आहे. व्यक्तींकडून व्यक्तींना कर्ज मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केले. एक जण एका कर्जदाराला ५० हजार रुपयांपर्यंतच देऊ शकतो आणि अशा सर्व संकेतस्थळांवर मिळून कर्जदाराला १० लाखांहून अधिक उचलता येत नाही. बेंगळुरूची ‘रंग दे’ ही संस्था २००८ पासून ग्रामीण भागातील छोट्या कर्जदारांसाठी असे काम करीत आली आहे. देणगी घेता येते. परंतु नातेवाईक नसलेल्यांकडून व्यक्तीला वर्षात ५० हजारांहून अधिक रक्कम मोबदल्याविना मिळाली, तर तिच्यावर प्राप्तिकर लागू शकतो.

राहिला चौथा प्रकार, आगाऊ मागणीचा. ग्राहक आज पैसे देतो आणि ठरलेल्या मुदतीत त्याला वस्तू मिळते. हस्तव्यवसायाला हाच सर्वांत जवळचा. मात्र येथेच हिशेब सर्वाधिक फसतो.

उदाहरणादाखल एका गोधडीची किंमत २,५०० रुपये धरू. बारीक धावदोऱ्याचे काम रोज पाच-सहा तास केले आणि एका बाईला एका गोधडीस आठ दिवस लागले, तर दिवसाला २०० रुपये या बेताच्या दरानेही मजुरी १,६०० होते. कापड, धुलाई, दोरा यांचे २५०. बांधणी आणि टपालाचे २५०. संकेतस्थळाचे शुल्क आणि पैसे वळते करण्याचा खर्च मिळून २००. उरतात २०० रुपये. दोनशे जणांनी मागणी नोंदविली, तर पडद्यावर ५ लाखांचा आकडा झळकेल. भांडवल म्हणून हाती पडतील ४० हजार. शिवाय पाच जणींना दोनशे गोधड्या पुऱ्या करायला ३२० कामाचे दिवस लागतील. त्यात दिवाळी, लग्नसराई आणि कापूस वेचणीचे दिवस वजा करा. ‘तीन महिन्यांत घरपोच’ असे आश्वासन देणारी मोहीम म्हणजे यशानेच बुडणारी मोहीम होय. मागण्यांची संख्या आधीच पन्नास-साठवर रोखणे आणि मुदत मोकळेपणाने लांबची सांगणे, हाच शहाणपणा.

‘पर्यावरणस्नेही’ या शब्दाचेही तसेच. जुन्या सुती लुगड्यांची गोधडी हा वापरलेल्या कापडाचा उत्तम पुनर्वापर आहे, यात शंका नाही. पण आता घराघरांतून निघणाऱ्या साड्यांत कृत्रिम धाग्याच्या साड्या पुष्कळ असतात. त्यांची गोधडी शिवली तर कचरा कमी होईल, पण ती सुती म्हणून विकता येणार नाही. निवड, धुलाई आणि वर्गवारीचा खर्च त्यामुळे वाढतो. केळीच्या खोडापासून धागा काढण्याचा पर्याय जळगाव जिल्ह्यात सहज सुचतो; रावेर-यावल पट्ट्यात घड उतरविल्यावर खोडांचे करायचे काय, हा शेतकऱ्यापुढचा प्रश्नच असतो. तथापि त्या खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ओझे वाहायचे पाण्याचे आणि धागा मिळायचा मूठभर. म्हणून धागा काढण्याचे यंत्र बागेजवळच हवे, आणि पारोळ्याच्या कोरडवाहू कापूसपट्ट्यात ते बसविण्यात अर्थ नाही.

यात खरी जोखीम विश्वासाची आहे. पतसंस्थांत ठेवी अडकल्याची झळ जळगाव जिल्ह्यातील अनेक कुटुंबांनी सोसली आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याने मालासाठी घेतलेला आगाऊ पैसा ठेवीतून वगळला आहे. मात्र रक्कम परत करण्याची वेळ आल्यावर पंधरा दिवसांत ती दिली नाही, तर तीच रक्कम ठेव ठरते. म्हणून आगाऊ रकमेचे खाते घरखर्चापासून वेगळे असावे आणि गोधडी रवाना होईपर्यंत तिच्या वाट्याची मजुरी व टपालखर्च त्यातून हलू नये. शिलाई यंत्र, कपाट, धुलाईची सोय यांसाठी ग्राहकांच्या पैशाला हात लावण्याची गरज नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात तारणाशिवाय ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. बचत गटाची अंतर्गत उचल त्याहून लवकर हाती येते, आणि तिचा हप्ता चुकला तर तो विचारायला शेजारीणच दारात उभी असते.