मुलांची पहिली मुंबई खोताच्या वाडीतून

साताऱ्याहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येतं. मुलांना मुंबई पहिल्यांदा दाखवायची ती याच दारातून, हे मी फार आधी ठरवून ठेवलं होतं. माझी मुलगी नऊ वर्षांची, भाचा सहा वर्षांचा. घर वाईजवळच्या खेड्यात. दोघांनी तोवर पाहिलेलं सगळ्यांत मोठं गाव म्हणजे सातारा. २३ डिसेंबरच्या सकाळी आम्ही स्टेशनातून बाहेर पडलो, रस्त्याच्या पलीकडे गेलो आणि मागे वळून उभे राहिलो. भाचा बराच वेळ मान वर करून बघत होता. मग म्हणाला, "आत्या, हा राजवाडा कुणाचा?"

राजवाडा नव्हे, आपण आत्ता जिथं उतरलो ते स्टेशन, हे त्याला पटवायला वेळ लागला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ साली सुरू झालं आणि पुढं दहा वर्षं चाललं. २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. मुलांना मात्र यातलं काहीच सांगावं लागलं नाही. त्यांनी फाटकाच्या एका खांबावरचा सिंह आणि दुसऱ्यावरचा वाघ शोधला, भिंतीतून डोकावणारे प्राणी मोजायला घेतले आणि मोजणी तीनदा चुकल्यावर सोडून दिली. भिंतीवरच्या गोल चौकटींमध्ये जगन्नाथ शंकरशेट यांचा चेहरा आहे, तो मी दाखवला. १६ एप्रिल १८५३ रोजी इथूनच, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. ही तीन नावं भाच्याला इतकी आवडली की पुढचे तीन दिवस समोरून येणाऱ्या प्रत्येक लोकलला तो त्यातलं एकेक नाव देत होता.

मी स्वतः मुंबई पहिल्यांदा पाहिली ती शाळेच्या सहलीत. एका दिवसात अकरा ठिकाणं. त्यातलं मला आज काहीही आठवत नाही. आठवतो तो बसचा वास, पुढच्या सीटची पाठ आणि "चला, चला" असा सतत चाललेला आवाज. त्यामुळे या वेळी एक नियम केला होता: दिवसाला दोनच ठिकाणं, आणि दोन्हींच्या मधलं अंतर शक्य तितकं पायी. मुलांना शहर कळतं ते पायांतून. फुटपाथवरचे पेव्हर, झाकणाखालून येणारं पाण्याचं खळखळणं, इराण्याच्या हॉटेलातला बरणीतला मावा केक, या गोष्टी गाडीच्या काचेतून दिसत नाहीत.

डिसेंबर यासाठी फार चांगला. घामाची चिकचिक गेलेली असते. गेटवेच्या पाण्यावर आणि मरीन ड्राइव्हला थंडीतले पाहुणे कुरव पक्षी आलेले असतात. आणि नाताळ असतो. मुंबईचा नाताळ म्हटलं की हल्ली मॉलमधलं तीन मजली झाड आणि त्याच्यापुढची सेल्फीची रांग डोळ्यांपुढं येते. मुलांनीही येण्याआधी तेच मागितलं होतं. मला त्यांना दुसरा नाताळ दाखवायचा होता, जो मराठीत बोलतो.

सुरुवात फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून केली. स्टेशनपासून दादाभाई नौरोजी रस्त्यानं रमतगमत गेलं तरी पंधरावीस मिनिटं. इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए यानं सतराव्या शतकात या चर्चचा पाया घातला, पण भिंती जेमतेम उभ्या राहिल्या आणि काम चाळीसएक वर्षं तसंच पडून राहिलं. शेवटी ते पुरं होऊन चर्च उघडलं तो दिवस होता २५ डिसेंबर १७१८. म्हणजे दर नाताळाला या वास्तूचा वाढदिवस असतो. त्या वेळी शहराभोवती तटबंदी होती आणि या चर्चकडे येणाऱ्या वेशीला चर्चगेट म्हणत. तट १८६०च्या दशकात पाडला, वेस गेली, नाव मात्र स्टेशनाला चिकटून राहिलं. पूर्वी मुंबईतले मैलाचे दगडही याच चर्चपासून मोजलेल्या अंतराचे होते. वाईहून मुंबई किती, हा हिशेब आमच्या मुलीनं तिथल्या पायरीवर बसून पुन्हा एकदा मांडला.

तिनं एक प्रश्न विचारला आणि त्यातून सबंध प्रवासाचा धागा हाताला लागला. "आई, इथली घंटा मेणवलीसारखी आहे का?" आमच्याकडे मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी फौजांबरोबर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल कोरलेलं आहे, आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. आमच्या भागातली मुलं चालायला लागल्यापासून ही आकृती पाहतात, तिच्यावर हात फिरवतात. ती कोण हे त्यांना कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

तिथून हुतात्मा चौकात येऊन आम्ही भुयारी मेट्रो धरली. २०२५च्या ऑक्टोबरात ही गाडी कफ परेडपासून आरेपर्यंत सबंध सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, त्यातलं फक्त एक जमिनीवर. लोकलच्या पहिल्या अनुभवाआधी मुलांना हा द्यावा असं माझं मत आहे. हात सुटत नाही, दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. तिसऱ्या स्टेशनावर, गिरगावला उतरलो.

खोताची वाडी जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला लागून आहे, पण रस्त्यावरून ती दिसत नाही. तोंड इतकं अरुंद की शेजारच्या दुकानाचीच बोळ वाटावी. आत दहा पावलं टाकली की रस्त्याचा आवाज मागे राहतो. अठराव्या शतकाच्या शेवटी इथले खोत, जातीनं पाठारे प्रभू, यांनी आपल्या वाडीतल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना घरं बांधायला दिल्या. लाकडी खांबांची, पुढं ओसरी आणि बाहेरून वर जाणारा जिना असलेली ही घरं. कौलं उतरती, खिडक्या पिवळ्या, निळ्या, तांबड्या. कोकणातली आळी उचलून कुणी गिरगावात आणून ठेवावी तशी. भाच्यानं ओसरी पाहताच चपला काढल्या. त्याच्या घरी ओसरीवर चपला चालत नाहीत.

२३ तारखेची संध्याकाळ होती. घराघरांवर कागदी तारे टांगले होते, दोन घरांच्या मधून दिव्यांच्या माळा गेल्या होत्या, आणि बऱ्याच ओसऱ्यांवर गव्हाणीचा देखावा मांडलेला होता. एका घरासमोर आम्ही थांबलो. आत बसलेल्या आजींनी गाव कोणतं ते विचारलं, जेवलात का ते विचारलं, आणि पोरांना वर बोलावलं. त्यांची मराठी आमच्यापेक्षा वेगळ्या चालीची, पण मराठीच. मुलीनं माझ्या कानात विचारलं, "हे लोक कुठल्या देशातून आलेत?" कुठूनच नाही, मी म्हटलं, हे इथलेच, मुंबईत आपण सगळे आलो त्याच्या कितीतरी आधीचे.

हे मुलांइतकंच मोठ्यांनाही सांगायला हवं. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातले मूळ रहिवासी: शेतकरी, आगरी, कोळी, कारागीर. पोर्तुगीज काळात ते ख्रिस्ती झाले. बोली, लुगडं आणि लग्नातलं उंबराचं पाणी त्यांच्याबरोबर तसंच राहिलं. पुढं गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत आले, तेव्हा आपली वेगळी ओळख राहावी म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. नाव इंग्रजी असल्यानं त्यांची मराठी अनेकांच्या लक्षातच येत नाही.

आजींच्या ओसरीवरचा देखावा पाहून दोन्ही मुलं एकदम गप्प झाली. मातीच्या गाई, मेंढ्या, खरं गवत, आणि एका कडेला ताटलीत उगवलेली नाचणीची हिरवीगार रोपं. "आपल्या घटासारखी," मुलगी म्हणाली. भाच्याला त्यातली गव्हाण लगेच ओळखू आली, त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. पण गव्हाण रिकामी होती. "बाळ कुठाय?"

"उद्या रात्री येईल," आजी म्हणाल्या. येशूची मूर्ती २४ तारखेच्या मध्यरात्रीच गव्हाणीत ठेवतात. तोवर सगळे फक्त वाट बघत असतात: गाई, मेंढ्या, मेंढपाळ, आणि गुडघे टेकून बसलेली निळ्या पदराची मेरी. मुलगी तिच्याकडे वाकून पाहत राहिली आणि मग सावकाश म्हणाली, "आई, ही आपल्या घंटेवरची आहे."

मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. कृष्णेच्या घाटावर जिच्यावर हात फिरवला तीच तिला गिरगावच्या ओसरीवर भेटली, एवढंच झालं. परक्या शहरात मुलाला ओळखीचं काही सापडावं, ते त्याचं त्यालाच सापडावं, याहून मोठं काही मी त्या तीन दिवसांत पाहिलं नाही.

आजींनी ताटली पुढं केली. नेवऱ्या मुलांनी करंज्या म्हणून ओळखल्या आणि खाल्ल्या. कलकल नावाचे शंखासारखे गोड तुकडे कणकेची गोळी काट्याच्या किंवा फणीच्या दात्यांवर दाबून वळतात, हे कळल्यावर मुलगी ते उलटसुलट करून त्यांवरच्या रेघा बघत बसली. आणि फुगे: मैदा आंबवून तळलेले गोल, आतून पोकळ पाव. ते मटणाच्या रश्शाबरोबर खातात आणि त्या रश्शात बाटली मसाला असतो, उन्हाळ्यात वीसपंचवीस जिन्नस भाजून, कुटून, बाटल्यांत दाबून भरलेला. "आम्ही मुंबईत फुगे खाल्ले," ही भाच्यानं घरी फोनवर सांगितलेली पहिली बातमी.

बाकीच्या मुंबईबद्दल थोडक्यात सांगते. २४ला सकाळी वस्तुसंग्रहालय, दुपारी गेटवे. संग्रहालयात सगळं पाहायला जाऊ नका. प्राणी-पक्ष्यांचं दालन आणि २०१९ साली उघडलेलं मुलांचं संग्रहालय, एवढ्यात मुलांचा जीव रमतो. गेटवेची पायाभरणी १९११ची, कमान उघडली ४ डिसेंबर १९२४ला, आणि शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून फेब्रुवारी १९४८मध्ये बाहेर पडली. बोटीत बसणार असाल तर आधी मुलांच्या मापाचं जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि ते अंगात घालूनच बोटीत पाय ठेवा. १८ डिसेंबर २०२४ला याच पाण्यात बोटीचा मोठा अपघात झाला, माणसं गेली. मापाचं जाकीट नसेल तर काठावरून कुरवांना बघा. राणीची बाग बुधवारी बंद असते. लोकलमध्ये मुलांना घेऊन चढायचं ते दुपारी अकरा ते चार, आणि रविवारी मेगाब्लॉक बघून. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट.

वांद्र्याचा नाताळही सुंदर. रानवर, चिंबई या गावठाणांतले तारे, आणि टेकडीवरचं मोत माउलीचं देऊळ, तिथले लोक असंच म्हणतात. पण २४च्या रात्री हिल रोडला लहान मुलं नेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गर्दीत त्यांना माणसांच्या कमरा तेवढ्या दिसतात. दुपारी जा. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, आणि चुकलोच तर कुठल्या खांबाशी उभं राहायचं ते पोचल्या पोचल्या ठरवा.

२५ला परतीच्या गाडीआधी मुलांनी हट्टानं पुन्हा खोताची वाडी गाठली. गव्हाणीत बाळ आलं होतं. भाच्यानं खिशातून गेटवेला उचललेलं कुरवाचं पीस काढलं आणि आजींना विचारून गवतावर ठेवलं.

या वाडीत पूर्वी ६५ घरं होती. आता त्यांच्या निम्मीही राहिलेली नाहीत; बाकीच्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. ही बघायची जागा असली तरी लोक तिथं राहतात. जिन्यावर चढून फोटो काढू नका, आधी विचारा, दारात हळू बोला. मराठीत विचारलंत तर मराठीतच उत्तर येईल. चर्नी रोडला पूर्वेला उतरलात तर चालत दहा मिनिटं, मेट्रोच्या गिरगाव स्टेशनापासून त्याहून कमी. दिवे लागणीच्या वेळी पोचा. आणि २५ तारीख हुकली तरी चालेल. ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत बऱ्याच घरांवरचे तारे उतरत नाहीत.