पेट्रोलच्या वाफेचा आकडा

पाण्याचा बाष्पदाब किती, याला सरळ उत्तर आहे. ३७.८ अंश सेल्सियसला तो सुमारे ६.५ किलोपास्कल असतो. भांडं लहान असो की मोठं, अर्धं असो की काठोकाठ, आकडा तोच. पेट्रोलला हा नियम लागू होत नाही. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यात चार कार्बनांच्या ब्यूटेनपासून दहा-बारा कार्बनांच्या जड रेणूंपर्यंत सगळे एकत्र नांदतात. झाकण उघडलं की हलके रेणू आधी निसटतात आणि मागे उरतं ते थोडं वेगळंच पेट्रोल. भांड्यात वर जितकी मोकळी जागा जास्त, तितके हलके घटक वाफेत जातात आणि दाब कमी भरतो. म्हणून अशा पदार्थाचा बाष्पदाब मोजण्याआधी तो कसा मोजायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं.

हा करार ‘रीड बाष्पदाब’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेच्या एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी-३२३ या पद्धतीत तो १९३०पासून बांधलेला आहे. तापमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजेच ३७.८ अंश सेल्सियस. द्रवाच्या चौपट वाफेची जागा. ही दोन कलमं पाळली, तरच एका रिफायनरीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

या कराराचं यंत्र दिसायला अगदी साधं आहे. एकावर एक बसणारे धातूचे दोन डबे आणि वर दाबमापक. खालचा डबा पेट्रोलचा, वरचा त्याच्या चौपट आकाराचा हवेचा. नमुन्याची बाटली आधी शून्य ते एक अंशावर गार करायची, मग क्षणभर उघडून पुन्हा बंद करून हलवायची, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा पूर्ण मुरते. खालचा डबाही तितकाच गार हवा, नाहीतर ओततानाच ब्यूटेन उडून जाईल. हवेचा डबा ३७.८ अंशांवर तापलेला. काही सेकंदांत दोन्ही जोडायचे, उलटे करून जोरजोरात हलवायचे आणि कोमट पाण्याच्या टाकीत बुडवायचे. काही मिनिटांनी आकडा वाचायचा, पुन्हा बाहेर काढून हलवायचं, पुन्हा बुडवायचं. लागोपाठचे दोन आकडे जुळेपर्यंत हेच चालतं. वरच्या डब्यातली हवा आणि बाहेरची हवा एकमेकींना तोलून धरतात, त्यामुळे मापकावर दिसतो तो जवळजवळ पेट्रोलचाच दाब.

या साऱ्या खटाटोपात नमुना घेणाऱ्याचा हात सर्वांत महत्त्वाचा. बाटली सत्तर-ऐंशी टक्केच भरायची आणि त्या नमुन्यावरची पहिली चाचणी हीच असली पाहिजे. आधी दुसऱ्या कामासाठी बाटली उघडली असेल, तर यंत्र कितीही चोख असलं तरी आकडा कमीच येणार.

एवढा आटापिटा कशासाठी? बाष्पदाब फार कमी असेल, तर थंडीत इंजिन चटकन पेट घेत नाही. फार जास्त असेल, तर उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच उकळतं आणि पंपाला द्रवाऐवजी वाफ ओढावी लागते. कार्ब्युरेटरच्या काळात घाट चढताना गाडी अशी अडली की चालक पंपावर ओलं फडकं गुंडाळत. उंचीवर हवेचाच दाब उतरतो. सुमारे साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तो ६५ किलोपास्कलच्या आसपास असतो. ६० किलोपास्कलचं पेट्रोल तिथे चाळीस अंशांच्या जवळपासच उकळू लागेल.

दुसरा प्रश्न प्रदूषणाचा. उडालेली वाफ उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते. त्यामुळे अमेरिकेत १९८९पासून उन्हाळी पेट्रोलच्या बाष्पदाबावर मर्यादा आहे. १९९२पासून ती बहुतेक ठिकाणी सुमारे ६२ आणि उष्ण, प्रदूषित भागांत सुमारे ५४ किलोपास्कल झाली. भारतात आयएस २७९६ हे मानक इथेनॉल न मिसळलेल्या पेट्रोलला ६० किलोपास्कलची कमाल मर्यादा घालतं. रिफायनरीच्या दृष्टीने यात पैसाही आहे. ब्यूटेन स्वस्त असतो आणि ऑक्टेन वाढवतो, त्यामुळे तो जितका जास्त मिसळता येईल तितका फायदा. त्या मोहाला आवर घालतो तो हाच आकडा.

या जुन्या यंत्राची खरी परीक्षा इथेनॉलने घेतली. हवेचा डबा पाण्याने खंगाळला जाई आणि आत ओलावा राही. साध्या पेट्रोलला त्याचं काही वाटत नसे, पण इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं आणि आकडा बिघडतो. म्हणून अशा इंधनांसाठी कोरड्या डब्याची डी-४९५३ पद्धत आली. शिवाय इथेनॉलचं वागणंही चमत्कारिक. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब जेमतेम १६ किलोपास्कल, तरी ते दहा टक्के मिसळलं की पेट्रोलचा दाब उतरण्याऐवजी साधारण ७ किलोपास्कलने चढतो. एकत्र असताना इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. हायड्रोकार्बनांच्या गर्दीत ते विखुरतात, पकड सुटते आणि निसटणं सोपं होतं. मिश्रणाचा दाब घटकांच्या प्रमाणात ठरतो, हा राऊल्टचा नियम इथे साफ फसतो. प्रमाण आणखी वाढवलं की दाब हळूहळू उतरू लागतो. पंच्याऐंशी टक्क्यांपाशी तो इतका खाली येतो की थंडीत गाडी सुरू होणं अवघड होतं.

आज बहुतेक प्रयोगशाळांत डब्यांची जागा डी-५१९१ पद्धतीच्या पेटीने घेतली आहे. पाच मिलिलिटरच्या निर्वात कप्प्यात एक मिलिलिटर नमुना सोडला की काही मिनिटांत आकडा पडद्यावर येतो. पण हिशेब करून पाहा, द्रवाच्या चौपट वाफ हे जुनं कलम तिथेही पाळलेलं आहे. तापमानही तेच, ३७.८ अंश.

भारताने २०२५मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठलं आणि महाराष्ट्रातले साखर कारखाने त्याचे मोठे पुरवठादार आहेत. या बदलाची चर्चा मायलेज आणि उसाच्या पाण्याभोवतीच फिरते. बाष्पदाबाचं नाव त्यात क्वचितच निघतं. खरं तर मिश्रण मर्यादेत ठेवायचं, तर रिफायनरीला मूळ पेट्रोलमधला ब्यूटेन कमी करावा लागतो, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतंच. इथेनॉलच्या नफ्यातोट्याचा ताळेबंद मांडताना ही ओळही त्यात असायला हवी.