कार्पच्या गळ-स्पर्धेतील फ्लोट : कशाचा असावा, कसा असावा?

आपल्या धर्मग्रामातील एक तरुण इंग्लंडात स्विंडन शहरी नोकरीस आहे. गोव्याकडची पुष्कळ कुटुंबे त्या शहरात राहतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. गेल्या नाताळात तो घरी आला तेव्हा धाकट्या भावासाठी एक चपटी पेटी घेऊन आला. तिच्यात बोटभर लांबीचे, रंगीत टोकाचे वीस-बावीस फ्लोट होते. फ्लोट म्हणजे गळाच्या दोरीला अडकवून पाण्यात उभी ठेवायची काडी. मासा आमिषाला लागला की ती हलते किंवा बुडते. आपल्याकडे हेच काम बुचाचा तुकडा करतो.

दुसऱ्या दिवशी मुले ती पेटी घेऊन शेततळ्यावर गेली. पहिला फ्लोट पाण्यावर आडवाच पडून राहिला. दुसऱ्याखाली कणकेची गोळी लावताच तो थेट तळाशी गेला. तिसरा वाऱ्याने वाहत काठाला येऊन लागला. विलायती माल नुसता दिखाऊ, आपले बूच बरे, असा निकाल संध्याकाळी लागला.

माल दिखाऊ नव्हता, भलत्या कामाला जुंपला होता. त्याच वेळी दुसरी एक गोष्ट आमच्या नजरेस आली. मुले शिशाचे छर्रे दाताखाली दाबून दोरीवर बसवीत होती. म्हणून हा विषय शेती व आरोग्याच्या पानावर घेत आहोत.

हे फ्लोट ज्या स्पर्धेसाठी बनतात ती आधी समजून घेतली पाहिजे. इंग्लंडात १९८० नंतरच्या काळात बऱ्याच शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीत तळी खणली, त्यांत कार्प मासे सोडले आणि दिवसाचे तिकीट लावून गळ टाकणाऱ्यांना ती खुली केली. वॉरविकशायर परगण्यातील टनेल बार्न फार्म हे अशा ठिकाणांपैकी एक. त्याच्या नावातच शेत आहे. १९९४ साली सुरू झालेली फिश-ओ-मेनिया ही स्पर्धा तर दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. कोणी कोठे बसायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. साधारण पाच तासांचा खेळ असतो. पकडलेले मासे पाण्यातच बुडवून ठेवलेल्या लांब जाळीत ठेवतात, शेवटी वजन करतात आणि जिवंत परत सोडतात. ज्याचे एकूण वजन अधिक तो जिंकला. मासा मेला तर शेतकऱ्याचे भांडवल मेले, म्हणून तेथे हत्याराविषयी नियम फार कडक असतात.

कार्प म्हणजे आपला सायप्रिनस. तो मूळचा आपल्याकडचा नव्हे. १९३९ साली सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, तो निलगिरीत आणला गेला आणि १९५७ साली त्याची दुसरी जात बँकॉकहून कटक येथे आली. रोहू, कटला व मृगळ हे त्याचेच भाऊबंद. म्हणून तिकडच्या तळ्यावरील अनुभव आपल्या शेततळ्यावर अगदीच निरुपयोगी नाही.

आता फ्लोटाकडे वळू. फ्लोटाचे तीन भाग असतात : वर दिसणारे टोक, मध्ये फुगीर अंग आणि खाली दांडी. अंग वजन पेलते, दांडी फ्लोट उभा ठेवते आणि टोक बातमी देते. फ्लोटावर ०.२ किंवा ०.३ ग्रॅम असे लिहिलेले असते. ते फ्लोटाचे स्वतःचे वजन नव्हे. तेवढे छर्रे दोरीला लावले म्हणजे अंग पाण्याखाली जाऊन केवळ टोक वर राहील, असा त्याचा अर्थ. छर्रे न लावता टाकला तर तो आडवा पडणारच. मुलांचा पहिला फ्लोट तसाच पडला.

वजन किती घ्यावे याचा तिकडे एक ढोबळ हिशेब आहे : संथ पाण्यात दर फूट खोलीस ०.१ ग्रॅम. चार फूट पाणी असेल तर ०.४ ग्रॅमचा फ्लोट. वारा असेल तर याहून जड घ्यावा. मासे वर येऊन हातभर पाण्यात खात असतील तर ०.१ ग्रॅमचा टिचभर फ्लोट पुरतो. एवढा हलका फ्लोट दूर फेकता येत नाही, आणि त्यांना तो फेकावा लागतही नाही. त्यांची कार्बनची पोकळ काठी तेरा ते सोळा मीटर लांब असते. तिला चाक नसते. काठीच्या टोकाने फ्लोट हव्या त्या जागी अलगद ठेवतात. आपल्या मुलांनी बांबूच्या काठीने तो भिरकावला, मग वाऱ्याने तो परत आणला यात नवल ते काय?

अंग कशाचे असावे? पूर्वी बूच, बगळ्या-हंसांच्या पिसांचे देठ, साळिंदराचे काटे असे जे हाताशी असेल ते वापरीत. पुढे बाल्सा आले. हे अतिशय हलके लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरहून येते. चाकूने तासता येते आणि थोड्या अंगात पुष्कळ वजन पेलते. पण ते मऊ असते. रोगणाला एक चीर गेली की आत पाणी शिरते, फ्लोट जड होतो, आणि काल बरोबर उभा राहिलेला आज खोल बसतो. कार्प हा आडदांड मासा. तो झाडोऱ्यात घुसतो, दोरी दगडावर घासतो. म्हणून कार्पसाठी आता दाट फेसापासून बनविलेले अंग अधिक पसंत करतात. ते पाणी पीत नाही, पोचा पडला तरी फुटत नाही, आणि एकाच मापाचे दहा फ्लोट जवळपास सारखे वजन घेतात. स्पर्धेत फ्लोट तुटला की त्याच मापाचा दुसरा लगेच लावता आला पाहिजे.

थर्मोकोल फेसासारखाच दिसतो म्हणून कोणी त्याचा फ्लोट करू नये. तो दाणे-दाणे होऊन तळ्यात विखुरतो आणि मासे ते दाणे गिळतात.

दांडीचे प्रकार तीन. तारेची दांडी जड असल्याने फ्लोट चटकन उभा राहतो व वाऱ्यात कमी डुलतो. खोल पाण्यात तळाशी आमिष ठेवायचे असेल तर ती बरी. कार्बनची दांडी हलकी व ताठ. आमिष हळूहळू खाली उतरत असतानाच मासा ते घेत असेल तेव्हा ती लावतात. काचतंतूची दांडी या दोहोंच्या मधली. ती वाकते पण मोडत नाही, म्हणून काठालगतच्या धसमुसळ्या कामाला ती चांगली. दांडीवर दोरी धरून ठेवण्यास रबरी नळीचे तीन बारीक तुकडे घालावेत. दोनच घातले आणि एक निसटला तर फ्लोट उलटा लोंबतो.

खरी गोम टोकात आहे. बारीक टोक ते चांगले, कारण माशाने नुसता श्वास सोडला तरी ते हलते, असे नव्या माणसाला वाटते. लहान माशांसाठी ते खरे आहे. कार्पच्या बाबतीत ते खोटे आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. थोडा हिशेब करू. पाण्यात बुडालेला दर घन सेंटिमीटर भाग एक ग्रॅम उचलतो. दीड मिलिमीटर जाडीच्या टोकाचा एक सेंटिमीटर भाग बुडाला तर तो जेमतेम ०.०१८ ग्रॅम पेलतो. तीन मिलिमीटर जाडीचे टोक तेवढ्याच लांबीत ०.०७ ग्रॅम, म्हणजे चौपट पेलते. समजा मक्याचा दाणा पाण्यात ०.०३ ग्रॅम भरला. बारीक टोक दीड सेंटिमीटरहून अधिक खाली जाईल, म्हणजे बहुधा पूर्ण बुडेल. जाड टोक अर्धा सेंटिमीटरही उतरणार नाही. कणकेची गोळी तर दाण्याहून किती तरी जड. मुलांचा दुसरा फ्लोट का बुडाला हे येथे उमगते. गांडुळाचा तुकडा किंवा अळी लावायची तर बारीक टोक घ्यावे. मका, गोळी, मांसाचा तुकडा असेल तर जाड, पोकळ प्लॅस्टिकचे टोक घ्यावे.

दुसरे कारण याहूनही महत्त्वाचे. तळ्यात कार्प दाटीने असतात. आमिषाभोवती फिरताना त्यांची शेपटी, पर, पाठ दोरीला लागते आणि फ्लोट हलतो. आमिष तोंडात गेलेलेच नसते. बारीक टोक अशा प्रत्येक धक्क्याला डुबकी मारते, माणूस हिसका देतो, आणि गळ माशाच्या पाठीत किंवा परात रुततो. मासा जखमी होतो, हाती लागत नाही, बाकीचा कळप भिऊन पळतो. जाड टोक असल्या किरकोळ धक्क्यांना दाद देत नाही. ते पूर्ण खाली गेले म्हणजे माशाने आमिष घेतले असे बहुतांशी समजावे. प्रत्येक कुजबूज ऐकणारा राखणदार रात्रभर लोकांना उठवीत बसतो, तसे हे.

आकाराचे थोडक्यात सांगतो. संथ पाण्याला सडपातळ अंग, कारण ते खाली जाताना पाण्याचा अडथळा कमी. वाऱ्याला खाली फुगीर व लांब दांडीचे. काठालगत गुडघाभर पाण्यात बुटके, जाड टोकाचे. टोकाचा रंग पाण्यावरील उजेड पाहून निवडावा : पाणी चांदीसारखे चमकत असेल तर काळा, झाडांची सावली पडली असेल तर नारिंगी किंवा पिवळा. फ्लोट विकत घेताना दोरी कोठून जाते ते मात्र जरूर पाहावे. बाजूला नुसती चिकटवलेली कडी मोठ्या माशाच्या ओढीने उपटून येते. दोरी अंगाच्या मधून आरपार जाणारा फ्लोट टिकतो.

चाकाच्या काठीसाठी फ्लोट वेगळा असतो. तो फक्त खालच्या टोकाशी दोरीला जोडतात, आणि त्यासाठी मोरपिसाचा देठ इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला आहे. कार्पसाठी त्याचाच आखूड व जाड प्रकार निघाला. तो पाण्यात डुबुक असा आवाज करून पडतो, आणि वरून पडणाऱ्या खाद्याला सरावलेले मासे त्या आवाजाकडे येतात. आपल्याकडे मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे व १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तेव्हा शेतात आपोआप गळून पडलेलेच पीस घ्यावे. त्याला इजा करून पीस मिळविणे हा गुन्हा आहे. पीस नसेल तर ज्वारीच्या ताटातील भेंडही चालेल. ज्याच्या बैलगाड्या आपण लहानपणी केल्या तेच हे भेंड. मात्र त्याला तेलरंगाचे दोन हात द्यावेत, नाही तर ते तासाभरात पाणी पिऊन बसते.

आता शिशाविषयी. इंग्लंडात हंस मोठ्या संख्येने मरू लागले. कोंबडीप्रमाणे हंसही अन्न दळण्यासाठी खडे गिळतो, आणि खड्यांबरोबर तळाशी पडलेले गळवाल्यांचे छर्रे त्याच्या पोटात जात होते. म्हणून १९८७ साली ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर तेथे बंदी आली. त्यांच्या जागी टंगस्टन व इतर धातूंची वजने आली. आपल्या तळ्यावर हंस नसतील, पण घरची बदके आहेत, आणि बदकांहून आधी आपली मुले आहेत. मुलांच्या शरीरातील शिसे त्यांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. रक्तातील शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. छर्रा दाताखाली दाबू नये, पक्कडीने दाबावा. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नये. जुन्या बॅटरीचे शिसे घरच्या चुलीवर वितळवून जाळ्याची वजने करण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती ताबडतोब बंद करावी. तो धूर व ती राख दोन्ही विषारी. बुचाच्या फ्लोटाला एक लहान लोखंडी नट बांधला तरी आपले काम भागते.

शुभवर्तमानात गळाचा उल्लेख एकदाच आला आहे. संत पेत्राला मंदिराच्या करासाठी गळ टाकण्यास सांगितले, तो मत्तयच्या सतराव्या अध्यायातील प्रसंग. बाकी सर्वत्र जाळेच. त्या गळाला फ्लोट होता की नाही हे आम्हांस कोणी विचारू नये!

इंग्लंडच्या तळ्यांवरील दोन नियम मात्र येथेही घेण्यासारखे आहेत. एक, गळाच्या टोकाला उलटा दात नसावा. असला तर पक्कडीने चेपावा, म्हणजे मासा न फाटता सुटतो आणि मुलाच्या बोटात रुतलेला गळही निघतो. दुसरा, गळाजवळची वीतभर तंगूस वरच्या तंगुसापेक्षा बारीक असावी. मासा फार मोठा निघाला तर तेथेच तुटते व फ्लोट आपल्याकडे राहतो. सगळी दोरी एकाच जाडीची असली की ती काठीच्या टोकाशी तुटते आणि मासा फ्लोट, छर्रे, दोरी ओढीत नेतो. ती पाणवनस्पतीत अडकली की तो तेथेच तडफडून मरतो. आपल्या शेततळ्यात असा एक तीन किलोचा सायप्रिनस त्या आठवड्यात तरंगत वर आला. त्याच्या तोंडातून चार हात तंगूस लोंबत होते आणि शेवटी तो विलायती फ्लोट.

राहिलेले फ्लोट मुलांनी आता पिंपात पाणी भरून तपासले. प्रत्येकाला टोक तेवढे वर राहीपर्यंत वजन लावले, किती लागले ते कागदाच्या पट्टीवर लिहून दांडीला गुंडाळले. टोके जाड असलेले सात निघाले. तेवढेच तळ्यावर नेतात, बाकीचे पेटीत आहेत. वापरून झाल्यावर सावलीत वाळवून ठेवावेत. उन्हात रोगण तडकते.