सहा टिंबांतलं संभाजीनगर

दोस्तांनो, आजीचा बटवा दोन मिनिटं मागून आणा बरं. आणलात? आता त्यात हात घाला आणि न बघता २० रुपयांचं नाणं शोधून काढा. ए, वाकून बघायचं नाही हं!

सापडलं ना? बोटांना कोपरे लागले म्हणून सापडलं. मोजा बघू ते कोपरे. एक, दोन, तीन... चक्क बारा! हल्लीची बाकीची नाणी गोल, हे एकटंच कोपऱ्यांचं. २०१९ मध्ये नाण्यांचा हा नवा संच आला. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनाही नाणी ओळखता यावीत, हे डोक्यात ठेवूनच तो घडवला होता. नोटांचंही तसंच. १०० च्या नोटेच्या कडेला उठावाच्या चार तिरप्या रेघा असतात, ५०० च्या नोटेला पाच. नोट मात्र कोरी हवी! गुलमंडीवरच्या गर्दीत शंभर हातांतून फिरलेली नोट असेल, तर रेघा पार झिजून गेलेल्या असतात.

पण बोटांना नुसते पैसेच कळतात असं समजू नका. बोटांना वाचता येतं! गोष्टी, कविता, भूगोल, सगळं!

कसं? फक्त सहा टिंबांनी!

लुडोच्या फाशावरचा सहाचा आकडा आठवा. तीन टिंबं डावीकडे, तीन उजवीकडे. ब्रेल लिपीचं एक घर म्हणजे हुबेहूब तेच. डावीकडच्या टिंबांना वरून खाली १, २, ३ म्हणायचं. उजवीकडच्यांना ४, ५, ६. यांतली काही टिंबं कागदावर उठवायची, काही सपाट सोडायची, की झालं अक्षर तयार.

सहा टिंबांतून किती वेगवेगळी चिन्हं होत असतील? ओळखा! बारा? वीस? अहं! त्रेसष्ट!

आणि ही लिपी कुणी शोधली ठाऊक आहे? एका मुलानं! लुई ब्रेल त्याचं नाव. जन्म १८०९ चा, फ्रान्समधला. वडील घोड्यांचे लगाम-खोगीर शिवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या आरीशी खेळायला गेला आणि ती डोळ्याला लागली. जखम चिघळली, दुसराही डोळा गेला. पुढे शाळेत त्याला बार्बिए नावाच्या गृहस्थांची एक लिपी कळली. तिच्यात बारा टिंबं होती. अडचण काय, तर बारा टिंबं बोटाच्या टोकाखाली मावेनात! लुईनं ती सहावर आणली. १८२४ साली त्याची लिपी तयार झाली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तुमच्या शेजारचा दहावीतला दादा असतो ना, तेवढा!

आता तुम्ही म्हणाल, फ्रान्सच्या मुलाची लिपी मराठीत कशी आली? आपल्या बाराखडीला तर काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, केवढा पसारा! तर १९५१ साली भारतातल्या भाषांसाठी एक सामाईक पद्धत ठरली, ‘भारती ब्रेल’. तिच्यात आवाजाला मान आहे. मराठीतला ‘क’, तेलुगूतला ‘क’, बंगालीतला ‘क’, सगळ्यांची टिंबं एकच, १-३! छापील तेलुगू पुस्तक तुमच्यापुढे ठेवलं तर तुम्ही डोकं खाजवाल. पण ब्रेल वाचणाऱ्या मराठी मुलीच्या बोटाखाली तेलुगू पान आलं, तर ती अक्षरं वाचून दाखवेल. अर्थ नाही कळणार, ते वेगळं!

आणखी एक धमाल. ‘किरण’ लिहिताना आपण पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढतो. खरं तर बोलताना आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. ब्रेलमध्ये जसं बोलतो तसंच लिहायचं. क, मग इ (२-४), मग र, मग ण. आणि जोडाक्षर? आपण अक्षराचा पाय मोडतो तो अक्षराच्या खाली. ब्रेलमध्ये पाय मोडल्याची खूण, एकटं ४ नंबरचं टिंब, अक्षराच्या आधीच येते. सावधान, पुढे लंगडं अक्षर येतंय!

चला, आता ‘संभाजीनगर’ लिहू. स (२-३-४), अनुस्वार (५-६), भ (४-५), आ (३-४-५), ज (२-४-५), ई (३-५), न (१-३-४-५), ग (१-२-४-५), र (१-२-३-५). झालं! नऊ घरं, आणि उठलेली टिंबं फक्त सत्तावीस. आपलं एवढं मोठं शहर सत्तावीस टिंबांत बसलं की!

पुठ्ठ्यावर साबुदाणे चिकटवून हे करून बघा. खरं टिंब साबुदाण्याहून खूप लहान असतं. शेजारशेजारच्या दोन टिंबांत जेमतेम अडीच मिलिमीटरचं अंतर. तेवढ्यातून बोट सरसर पुढे जातं!

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. ब्रेल पाटी! ही काळी पाटी नव्हे हं. ही असते ओळीनं छोट्या-छोट्या खिडक्या असलेली पट्टी. तिच्यात जाड कागद अडकवायचा. हातात घ्यायचा स्टायलस, म्हणजे मुठीत बसणारा बोथट टोकाचा टोचा. आणि प्रत्येक खिडकीत टक, टक, टक टिंबं टोचायची.

पण थांबा! टोचलं की खड्डा पडतो आणि उठाव येतो कागदाच्या मागच्या बाजूला. वाचायचं तर कागद उलटावा लागणार. उलटला की उजवीकडचं डावीकडे जाणार! मग लिहायचं कसं? उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं! ‘इ’ची टिंबं टोचून झाली, की टोचलेल्या बाजूनं ती ‘ए’सारखी (१-५) दिसतात. कागद उलटला की परत ‘इ’. पहिलीतली मुलं हे असं शिकतात आणि भराभर लिहितात. मला तर आजही दोन ओळींत घाम फुटतो. चुकलं तर? नको असलेलं टिंब नखानं दाबून सपाट करायचं.

गणिताची पाटी आणखी वेगळी. तिचं नाव टेलर फ्रेम. तिच्यात अष्टकोनी भोकं असतात आणि त्यांत खोचायचे छोटे खिळे. खिळ्याच्या एका टोकाला एक उंच कड, दुसऱ्या टोकाला दोन टोकं. भोकात खिळा आठ दिशांनी बसतो. जशी दिशा, तसा आकडा! दोन्ही टोकं धरून सोळा खुणा झाल्या. सगळे आकडे आले, वर बेरीज-वजाबाकीची चिन्हंही आली. एकाखाली एक रकाने मांडून बेरीज करायची, वर हातचा धरायचा. इथे तो हातचा खरोखर हाताला लागतो!

मग यंत्रं आली. १९५१ मध्येच अमेरिकेत पर्किन्स ब्रेलर निघाला. त्याला टिंबांच्या सहाच कळा. पेटीवर एकदम तीन-चार सूर धरावेत, तशा कळा एकदम दाबायच्या की अख्खं अक्षर उठतं, तेही सरळ! उलटं लिहायची भानगडच नाही. आणि आता मुंबईच्या कंपनीनं बनवलेलं ‘ब्रेल-मी’सारखं यंत्र आहे. त्यात कागदच नाही! वीस घरांची एक ओळ. घरांतली टिंबं आपोआप वरखाली होतात. ओळ वाचून झाली की तीच टिंबं खाली जाऊन दुसरी ओळ उभी राहते. ‘छत्रपती संभाजीनगर’ला मधल्या मोकळ्या जागेसकट सतरा घरं लागतात. बसलं की! वर तीन घरं शिल्लक. ब्रेलमध्ये एका छापील पानाची दोन-तीन जाडजूड पानं होतात. दप्तर किती जड होत असेल! म्हणून अशा यंत्राचं फार अप्रूप.

तुमच्यातला एखादा हुशार भिडू म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? फोन वाचून दाखवतो की!” खरंय. संगणकावर एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मराठीतही बोलतं. पण मला सांगा, नुसतं ऐकून ‘पाणी’ची वेलांटी पहिली की दुसरी, हे कळेल? नाही ना! बोटाला मात्र झटकन कळतं. पहिली इ म्हणजे २-४. दुसरी ई म्हणजे ३-५. फाशावर ही टिंबं मांडून बघा. दुसरी ई म्हणजे पहिलीच, फक्त एक पायरी खाली उतरलेली! म्हणून मी तर म्हणेन, ऐकणं झकास, पण शुद्धलेखनाचे पूर्ण गुण हवेत तर टिंबंच हवीत.

ब्रेलमध्ये बातम्याही येतात बरं का! २००८ साली स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी बोटाखाली ताज्या बातम्या!

आता तुमची परीक्षा. खाली पाच घरं आहेत. या लेखात आलेली अक्षरं शोधायची आणि शब्द लावायचा. दादाला विचारायचं नाही!

४-५, ३-४-५, १-३, १-२-३-५, ३-५.

अडलात? एक खूण देते. आपल्या मराठवाड्यात घरोघरी होते, आणि ठेच्याबरोबर फर्मास लागते!