अमारोने आणि तलासरीचा मोह

फाल्गुन-चैत्रात तलासरीच्या पाड्यांवर उजाडायच्या आत मोहाखाली माणसे जमतात. पाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो, कारण रात्रभर टपटपलेली मांसल फुले मातीत मळली की वाया जातात. वेचलेला मोह अंगणात उन्हात पसरतात. फुले आकसतात, तपकिरी होतात. पाणी उडून जाते, साखर मागे राहते. सुक्या मोहात निम्म्याहून अधिक साखरच असते. हा मोह वर्षभर टिकतो. भिजवून आंबवला की त्याची दारू गाळतात, आणि वारली घरात तिचा पहिला थेंब देवाला आणि पितरांना जातो.

आधी वाळवायचे, मग आंबवायचे, हेच कसब इटलीत व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला टेकड्यांवर आहे. तिथली ‘अमारोने’ ही त्या देशातल्या सर्वांत दमदार लाल वाइन्सपैकी एक. कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला या जातींचे घड हाताने खुडून हवेशीर माळ्यावर सावलीत तीन-चार महिने ठेवतात. त्यांचे वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक घटते. मग ती सुरकुतलेली द्राक्षे चिरडून सालींसकट आंबवतात. साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवण चालते, म्हणून मद्यार्क किमान 14 टक्के, पुष्कळदा 15-16 पर्यंत जातो. पुढे किमान दोन वर्षे मुरवण. व्हेरोनाच्या सुक्या द्राक्षांच्या मद्याचे वर्णन सहाव्या शतकात कॅसिओडोरस या राजमंत्र्याने पत्रात करून ठेवले आहे.

मोहाची दारू गाळीव, अमारोने नुसती आंबवलेली. हा भेद मोठा आहे. पण त्याहून मोठा भेद कायद्याने केला. अमारोनेच्या प्रांताला 1968 मध्ये नावाचे संरक्षण मिळाले, 2010 मध्ये तिला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. आपल्याकडे 1878 च्या अबकारी कायद्यानंतर मुंबई सरकारला महसुलासाठी मक्तेदारांची दारू खपवायची होती. 1892 च्या म्हौरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध आले. डहाणू-तलासरीचा मुलूख तेव्हा ठाण्यात होता. त्याचा आजचा पालघर जिल्हा झाला 2014 मध्ये. ज्या फुलावर उन्हाळ्यात घर चालायचे, ते फूल घरात सापडले की माणूस गुन्हेगार ठरू लागला. हा अन्याय होता, आणि त्याची सावली फार लांबवर पडली.

अमारोनेसोबत व्हेरोनात तिच्यातच शिजवलेला रिसोट्टो खातात, वाइनमध्ये तासन्‌तास शिजलेले मांस खातात, जुने मुरलेले मोंते वेरोनेझे चीज खातात. डहाणूच्या किनाऱ्यावर मात्र तिची पंचाईत होते. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की लाल वाइनमधले लोह माशासोबत तोंडात हिमसा वास उठवते. तेव्हा बोंबील, सुकट तिच्यापासून दूरच बरे. झणझणीत रस्साही नको, कारण मद्यार्काने तिखटाची आग वाढते. तलासरीकडची गावठी कोंबडी, कमी तिखटात, भाजल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवली, सोबत नाचणीची भाकरी घेतली, तर ही वाइन खुलेल. माझी पहिली पसंती मात्र डहाणू-घोलवडच्या पारशी-इराणी स्वयंपाकाला: जर्दाळू घालून केलेले मटण. सुक्या फळाची आंबटगोडी आणि सुक्या द्राक्षांची वाइन यांचे सूत नैसर्गिकच जुळते.

तळलेल्या बोंबलांसाठी घोलवडशेजारच्या बोर्डीतच उत्तर आहे. तिथली हिल झिल वायनरी चिकूची हलकी, फसफसणारी वाइन करते. ‘डहाणू घोलवड चिकू’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2021 मध्ये राज्याने मोहफुले गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधने सैल केली. आता मोहालाही तसे मानांकन मागता येईल. त्यासाठी पद्धत लिहून द्यावी लागते: फूल किती दिवस वाळवायचे, किती दिवस आंबवायचे, कोणत्या मडक्यात, कोणत्या लाकडावर गाळायचे. हे सांगू शकणारी माणसे तलासरीच्या पाड्यांवर आजही आहेत. कृषी विद्यापीठांनी आता त्यांच्याकडे वही घेऊन जावे.