दहा लाख कागदांतलं एक इंजिन

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात नॅशनल रेल्वे म्युझियम आहे. तिथली इंजिनं पाहायला जगभरातून लोक येतात. त्याच म्युझियमच्या संग्रहात तांत्रिक ड्रॉइंग्जही आहेत, सुमारे दहा लाख. एकेका ड्रॉइंगला फक्त एक मिनिट दिलं, रोज आठ तास बसलं आणि वर्षातले ३०० दिवस काम केलं, तरी सगळी नजरेखालून घालायला जवळजवळ सात वर्षं लागतील. घरच्या लेथवर वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल करू पाहणाऱ्याला त्यातली हवी असतात एकाच इंजिनाची.

पण एका इंजिनाची म्हणजे किती? याचं उत्तर ‘टॉर्नेडो’ नावाच्या इंजिनाने दिलं. १९४८-४९ मध्ये डॉनकास्टर आणि डार्लिंग्टनच्या कारखान्यांनी ‘ए-१’ वर्गाची ४९ इंजिनं बांधली होती. १९६६ पर्यंत ती सगळी भंगारात गेली, एकही उरलं नाही. १९९० मध्ये काही रेल्वेप्रेमींनी पन्नासावं इंजिन नव्याने बांधायचं ठरवलं. समोर नमुना नव्हता, होते ते यॉर्कमधले कागद. तिथून हजारावर ड्रॉइंग्ज निघाली, म्हणजे जवळजवळ पूर्ण संच. त्यावरून सुमारे ३० लाख पौंड खर्चून १०५ टनांचं इंजिन उभं राहिलं आणि २००८ मध्ये स्वतःच्या वाफेवर धावलं. ४९ पोलादी इंजिनांपेक्षा कागद जास्त टिकले, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

ही हजार ड्रॉइंग्ज एका फाइलीत बांधून ठेवलेली नसतात. ब्रेकचा एखादा भाग वीस वर्षं आधीच्या इंजिनासारखाच असेल, तर ड्राफ्ट्समन तो पुन्हा काढत नसे, जुन्या ड्रॉइंगचा नंबर टाकून मोकळा होई. त्यामुळे एका इंजिनाचा माग काढताना माणूस पाच-सहा वेगळ्या इंजिनांच्या कागदांत जाऊन पोचतो. म्हणून जाणकार आधी ‘जनरल अरेंजमेंट’ मिळवतात, म्हणजे संपूर्ण इंजिनाचं एकत्र ड्रॉइंग. मग कारखान्याची रजिस्टरं घेऊन एकेका नंबरामागे लागतात.

त्यात इंजिन आयुष्यभर एकसारखं राहत नाही. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ १९२३ मध्ये बाहेर पडलं तेव्हा त्याच्या बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला १८० पौंड होता. १९४७ च्या फेरबांधणीनंतर तो २२० झाला. पुढे दुहेरी धुरांडं आलं, १९६१ मध्ये धूर वर फेकणारे पत्रे लागले. नंबर तर कितीदा बदलला. तेव्हा ‘फ्लाइंग स्कॉट्समनचं ड्रॉइंग द्या’ एवढं म्हणून भागत नाही, कोणत्या साली धावणारं इंजिन हवंय ते आधी ठरवावं लागतं.

कागद हाती आला तरी त्यावर पट्टी लावायची नाही. जुनी ड्रॉइंग्ज बहुतेक खळ दिलेल्या तलम कापडावर शाईने उतरवलेली असतात, आणि दमट हवेत कापड हलतं. ते अर्धा टक्का जरी आकसलं, तरी टेंडरसह (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह) ७३ फूट लांबीच्या ए-१ मध्ये चार इंचांहून जास्त चूक होते. लिहिलेला आकडा खरा, रेघ नव्हे.

आता हेच इंजिन १:१६ प्रमाणात करू. साडेतीन इंच गेजच्या रुळावर धावणारी मॉडेलं या मापाची असतात. ६ फूट ८ इंचांचं चाक बरोबर ५ इंचांचं होतं. ५० चौरस फुटांची आगीची जाळी मात्र सोळाने नाही, २५६ ने लहान होते आणि जेमतेम दीड पोस्टकार्डाएवढी उरते. वजन तर ४,०९६ ने भागलं जातं. १०५ टनांचे उरतात सुमारे २६ किलो! टेबलावर धावणाऱ्या १:७६ च्या मॉडेलचा हिशोब याच रीतीने केला, तर वजन पाव किलोही भरत नाही.

इथे ड्रॉइंगची साथ सुटते. लांबी सोळाने, क्षेत्रफळ २५६ ने आणि घनफळ ४,०९६ ने घटलं, म्हणजे तेवढ्याच पाण्यामागे उष्णता गमावणारा पृष्ठभाग सोळापट झाला. छोटा बॉयलर भराभर निवतो. मूळ बॉयलरच्या सव्वादोन इंची नळ्या मॉडेलमध्ये जेमतेम साडेतीन मिलिमीटरच्या होतील. पण कोळशाची राख काही सोळापट बारीक होत नाही, त्या लगेच तुंबतील. पाणीही उकळायचं तेवढ्याच तापमानाला उकळतं. म्हणून मॉडेलकार नळ्या कमी आणि जाड घेतात. माझं मत स्पष्ट आहे: बाहेरचा प्रत्येक रिव्हेट मूळ ड्रॉइंगप्रमाणे असावा, बॉयलरच्या आत मात्र पदार्थविज्ञानाचंच ऐकावं.

आपल्याकडेही असं मॉडेल करण्याजोगी इंजिनं होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने आखलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचा गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. फुटाला १६ मिलिमीटर या प्रमाणात तो नेमका ४० मिलिमीटर होतो. पुढे पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांनी या गाड्या भरून जात. तिची पहिली इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीची. ती कंपनी १९३८ मध्ये बंद पडली आणि तिची ड्रॉइंग्ज दुसऱ्या इंजिन कंपनीकडे गेली.

पण दुरुस्तीसाठी लागणारे कागद कारखान्यातच हाताशी ठेवावे लागतात. कुर्डुवाडी किंवा परळच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले कुणी तुमच्या घरात असतील, तर त्यांची जुनी ट्रंक एकदा उघडून पाहा. निळ्या कागदाची, पांढऱ्या रेघांची गुंडाळी सापडली, तर ती रद्दीत घालू नका. घडी न घालता सपाट ठेवून तिचा फोटो काढा, कोपऱ्यातला नंबर लिहून घ्या आणि रेल्वेच्या संग्रहालयाला कळवा.