विणकाम, सुयांचे व क्रोशाचे

विणकाम, सुयांचे व क्रोशाचे : एका सलग धाग्याचे फासे एकमेकांत ओवून हाताने वस्त्र तयार करण्याच्या दोन पद्धती. दोहोंचे मूलतत्त्व एकच असले, तरी त्या करणाऱ्यांत परस्परांविषयी उच्चनीचतेची भावना अनेक देशांत आढळते. सुयांवर विणणारे क्रोशाला सोपे, जाडेभरडे व शोभेपुरते काम मानतात. तर क्रोशाकाम करणाऱ्यांना सुयांचे विणकाम संथ व साचेबंद वाटते. या मतभेदाची कारणे तंत्र, इतिहास व उपयोग यांत शोधावी लागतात.

तांत्रिक भेद : सुयांच्या विणकामात संपूर्ण ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर खुले असतात. सुलट व उलट या दोन टाक्यांतून सर्व नमुने सिद्ध होतात. हे कापड ताणले जाते व पुन्हा पूर्ववत होते. म्हणून मोजे, हातमोजे व स्वेटर यांना ते योग्य ठरते. मात्र एखादा टाका सुटल्यास तो खालपर्यंत उसवत जातो. क्रोशाकामात आकडी असलेली एकच सुई वापरतात व बहुधा एकच फासा खुला राहतो. साखळी, मुका खांब व खांब हे त्यातील प्रमुख टाके होत. काम मध्येच थांबवणे, चूक उसवून सुधारणे व कोणत्याही दिशेने वाढवणे त्यात सुलभ असते. परंतु कापड जाड होते व धागा अधिक लागतो. क्रोशाची ही मोकळीक केवळ शोभेपुरती नाही. दायना ताइमिना या गणितज्ञ विदुषीने १९९७ मध्ये अपास्तीय प्रतलाची टिकाऊ प्रतिकृती क्रोशानेच तयार केली. सुयांवर टाक्यांची संख्या झपाट्याने वाढत गेल्याने ते काम अवघड ठरले होते.

ऐतिहासिक कारणे : सुयांचे विणकाम अधिक जुने असून त्याचे प्राचीन नमुने ईजिप्तमध्ये मिळाले आहेत. यूरोपातील काही शहरांत ते पुरुष कारागिरांच्या श्रेणींच्या हाती होते. विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले व पुढे या कामाचे मोठ्या प्रमाणावर यांत्रिकीकरण झाले. आजच्या स्वरूपातील क्रोशाकाम एकोणिसाव्या शतकात प्रसार पावले. आयर्लंडमधील १८४५–४९ च्या बटाट्याच्या दुष्काळात गरीब कुटुंबांना मिळकत व्हावी, म्हणून महागड्या लेसच्या अनुकरणाने क्रोशाची लेस विणवून घेण्यात आली. ‘गरिबांनी केलेली नक्कल’ हा शिक्का क्रोशावर बसण्याचे हे एक कारण होय. पुढे दोन्ही महायुद्धांत सैनिकांसाठी मोजे व गळपट्टे विणण्याच्या मोहिमा झाल्याने सुयांच्या कामाला राष्ट्रकार्याची प्रतिष्ठा लाभली.

महाराष्ट्रातील स्वरूप : मराठीत कापड, जाळे, बाज, टोपली व स्वेटर या सर्वांसाठी ‘विणणे’ हे एकच क्रियापद आहे. कापड विणणे हा साळी, कोष्टी यांसारख्या जातींचा व्यवसाय होता. सुया व क्रोशा मात्र ब्रिटिश अमदानीत मुख्यतः मिशनरी संस्था व मुलींच्या शाळा यांच्याद्वारे रुजल्या व घरगुती हौशीच्या सदरात पडल्या. व्यवसायाची परंपरा नसल्याने दोहोंत तीव्र चुरस उद्भवली नाही. त्यांची विभागणी प्रसंगांनुसार झाली : बाळंतविड्यातील लोकरी स्वेटर व मोजे सुयांचे, तर रुखवतातील रुमाल, तोरणे व टेबलपोस क्रोशाचे. टोपडी व शाली दोन्ही पद्धतींनी होतात.

शहापूर व मुरबाड : ठाणे जिल्ह्यातील हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून भात हे त्यांचे मुख्य पीक आहे. पाऊस भरपूर व हिवाळा सौम्य असल्याने जाड लोकरी कपड्यांची निकड थोडे दिवसच भासते. लोकरीचे जुने वस्त्र म्हणजे मागावर विणलेली घोंगडी. पावसात तिच्या जोडीला इरले असे. ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी या येथील आदिवासी जमाती होत. मासे धरण्याची जाळी व बांबूच्या टोपल्या हे या भागाच्या परिचयाचे विणकाम आहे. जाळ्यात प्रत्येक छेदावर गाठ असते. सुयांच्या व क्रोशाच्या कामात फासा केवळ फाशात अडकतो. त्यामुळे ही दोन्ही कामे येथे बाहेरूनच आलेली ठरतात व त्यांपैकी एकीला पूर्वापार मोठेपण देण्यास आधार उरत नाही. धाग्याची किंमत व हाताशी असलेला वेळ हेच खरे निकष राहतात. भातकापणीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. ज्याला ‘फावल्या वेळचे काम’ म्हटले जाते, तो फावला वेळच त्यांच्या वाट्याला फारसा येत नाही.

मोलाचा प्रश्न : आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे मिशनऱ्यांनी रुजविलेल्या क्रोशाच्या लेसचा निर्यात-व्यवसाय झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की रोज अनेक तास लेस विणणाऱ्या तेथील स्त्रिया कामगार न गणल्या जाता ‘घरी बसणाऱ्या गृहिणी’ समजल्या जात व त्यामुळे त्यांची मजुरी अत्यल्प राही. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ व पुढे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांमुळे बचत गटांच्या वस्तूंना प्रदर्शनांची बाजारपेठ मिळाली. तेथेही हाच प्रश्न उपस्थित होतो. हातच्या स्वेटरला लुधियानाच्या यंत्रनिर्मित स्वेटरशी स्पर्धा करावी लागते. खऱ्या क्रोशाकामाची नक्कल यंत्रे करू शकतात, पण ते काम यंत्राने होत नाही. त्यामुळे क्रोशाची अगदी स्वस्त वस्तूही कोणाच्या तरी हातचीच असते. ग्राहक मात्र तिची किंमत यंत्राच्या लेसशी ताडून पाहतो. क्रोशाला हलके लेखण्याचा तोटा अखेर ते विणणाऱ्या स्त्रीच्या मजुरीला सोसावा लागतो. आणि सुयांचे काम ‘हौस’ ठरल्याने तेही या तोट्यातून सुटत नाही.